कोरसमधला आवाज

पोन्से शहरात एकट्या राहणाऱ्या एनेइदाबाईंनी एका पॉप गाण्याच्या कोरसला, म्हणजे ध्रुवपदाला, आवाज दिला होता. स्टुडिओवाल्यांनी पुढे त्याची लय वाढवली आणि रेकॉर्डवर बाईंचं नाव काही छापलं नाही. उन्हाळ्यात ते गाणं घराघरांत वाजू लागलं. बाजारात मासे साफ करता करता कोळी विल्फ्रेदोही तेच गुणगुणत होता. न राहवून बाईंनी सूर मिसळला, पण मूळच्या संथ लयीत.

"अहो मावशी, चुकताय! इतकं रडकं नाहीये ते," तो हसला. "म्हणा बघू माझ्यामागून."

'अरे, तो माझाच आवाज आहे,' असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी एवढं बोलत होतं. बाई त्याच्यामागून, त्याच्याच चालीवर गात राहिल्या.