ताईच्या सायकलीची दांडी

ताई मंठ्याला मुख्याध्यापक झाली तव्हा मी ठरवलं, तिची कॉलेजातली गिअरची सायकल पुन्हा नवी करून द्यायची. तिनं बसून अंगणात एक चक्कर मारावी, एवढीच इच्छा.

मंग मी मोबाइलवर जुन्या सायकलवाल्यांच्या ग्रुपात शिरलो आन् कामातून गेलो. ही माणसं व्हॉल्वच्या टोपणाचासुद्धा फोटो मागतात. प्रत्येक पार्ट त्याच सालचा पायजे म्हणतात. माझं पायडल नाशिकहून आलं, गिअर आन् ब्रेक कोल्हापूरहून. आमच्या वडीगोद्रीत चढायला उकिरड्याशिवाय काही न्हाई, पण डोंगर चढायचं सामान माझ्याकडं बराबर त्या सालचं होतं.

अडलं वरच्या दांडीशी. कंपनीच्या फोटोत ती सरळ आन् उंच. आमची पार खाली उतरलेली, वर निळा रंग. कुठंतरी आपटली असंल, असं मी धरून चाललो. गेट बनवणाऱ्या चाचांकडं गेल्तो.

"ही कापा, सरळ बसवा."

"पक्का?"

"बिलकुल."

त्यांनी दोनदा विचारलं. मी एकदाही थांबलो न्हाई. मंग सगळी सायकल मी कंपनीसारखी तांबडी करून घेतली.

रविवारी ताई आली. सायकलीभोवती फिरली, साडी सावरून पाय उचलला, परत खाली ठेवला.

"छाने. कोणाची रे?"

"तुझीच की."

"माझीची दांडी खाली होती. मला बसता यावं म्हणून दादांनी चाचांच्या दुकानात दोन दिवस बसून उतरवून घेतली. जयंतीच्या कमानीचा उरलेला रंगही त्यांनीच लावला. तू तीन वर्षांचा होतास."

दादा म्हंजे आमचे वडील. ते आता न्हाईत. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच ठेवून सायकल ढकलत निघालो.

जुनी दांडी चाचांनी छपराला टेकू म्हणून लावल्ती.

"कोणत्या सालचं पायजे?" ते म्हणाले. "कंपनीच्या का तुझ्या वडलांच्या?"

"वडलांच्या."

त्यांनी टेकूला दुसरा पाइप दिला आन् दांडी जोडली. तांबड्या सायकलीला एकच दांडी निळी. ग्रुपवर फोटो टाकला, दहा मिनिटांत ग्रुपवाल्यांनी मला काढलं.

संध्याकाळी ताईनं अंगणात तीन चकरा मारल्या. कोल्हापूरहून मागवलेला ब्रेक काही लागला न्हाई, म्हणून लिंबाच्या खोडाला धरून थांबली.

"आता बराबर," ती म्हणाली. "तव्हाही मी अशीच थांबायचे."