थोडक्यात हुकलेल्यांचा रांजण

पुस्तकातून डोकं वर न काढता ती उजवा हात उचलायची, कोपऱ्याकडे बोट करायची आणि म्हणायची, "रांजण." की शिक्षा जाहीर झाली. जिच्या तोंडून नको तो शब्द निघाला तिने बादली घेऊन दोन जिने उतरायचे आणि अख्ख्या खोलीचं पाणी भरायचं.

परभणीतल्या आमच्या अभ्यासिकेत सगळ्या नीटवाल्या, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या. ही ताडकळसची, तिसऱ्यांदा बसणारी, म्हणून आम्ही तिला ताई म्हणायचो. आमचं बोलणं सगळं जाहिरातीतलं. आम्ही परीक्षा देत नव्हतो, क्रॅक करत होतो. अपयश आम्हाला येतच नव्हतं, आम्ही वर्षभराचा ड्रॉप घेत होतो.

"घेत कुणी न्हाई, पदरी पडतो," ताई म्हणायची. "रांजण."

एकीने सगळं खापर सिली मिस्टेकवर फोडलं, तर ताई म्हणाली, "समदा पेपरच सिली गेलाय तुझा. त्यातली शहाणी मिस्टेक कोणती ती दाखव."

पालकही सुटायचे नाहीत. मानवतहून एकीचे वडील आले आणि म्हणाले, "आमची बायोलॉजी पक्की हाय, फिजिक्सच जरा कच्चं हाय." ताईने त्यांना नमस्कार केला, पाणी दिलं. ते गेल्यावर त्यांच्या लेकीला म्हणाली, "पेपरला त्यांनाच बसव. आन् त्यांच्या वाटचा रांजण तू भर."

गावात तर तिला आत्ताच सगळे डॉक्टर म्हणायचे. आठवडी बाजारात भेंडी निवडता निवडता एका म्हातारीने तिच्यापुढे गुडघा केला.

"मावशी, मी अजून बेडकापाशीच हाय."

"मंग बेडकाचं औषिद दे, पर दे," म्हातारी म्हणाली.

हे ती आम्हाला हसत सांगायची. पण एका वाक्यावर तिला हसू यायचं नाही. निकालानंतर ते तुम्हीही ऐकलं असेल: थोडक्यात हुकलं. दरवर्षी जवळजवळ सगळा देश थोडक्यात हुकतो. आमच्यातली एक तसं म्हणाली तेव्हा ताईने पुस्तक मिटलं. "आपल्याच देवगाव फाट्यावर हुबी हायस, आन् मुंबई थोडक्यात हुकली म्हणायलीस?" तिला रांजण दोनदा भरावा लागला.

यंदा तिचं ठरलं होतं. नाही आलं तर वडिलांना सरळ सांगायचं. काय सांगायचं ते तिने आम्हाला म्हणून दाखवलं होतं: "अण्णा, लय मार्कांनी गेलं. डॉक्टरकी माझ्यानं व्हायची न्हाई. मला बीएला जाऊ द्या." त्यात जाहिरातीतला एक शब्द नव्हता.

निकाल लागला. लय मार्कांनीच गेलं होतं. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. त्यांचा आवाज शेताच्या दुसऱ्या बांधावर पोचणारा, त्यामुळे सगळं खोलीभर ऐकू येत होतं.

"डॉक्टर, काय झालं गं?" त्यांच्यामागे माणसं जमलेली कळत होती.

ताईने एकदा आमच्याकडे पाहिलं.

"अण्णा, थोडक्यात हुकलं."

"थोडक्यात ना? मंग तोंड काहून पाडायलीस!" आणि मागे वळून ते ओरडले, "थोडक्यात हुकलं हो पोरीचं!" मग तिला म्हणाले, "अजून एक साल बस, माय."

"बरं," ती म्हणाली.

कुणीही बोट दाखवलं नाही. तिने फोन ठेवला आणि बादली उचलली. रांजण सकाळीच भरलेला होता. तरी ती पाणी आणत राहिली, ओतत राहिली. पाणी काठावरून सांडून आमच्या खुर्च्यांखाली आलं, तेव्हा आम्ही पाय वर घेऊन बसलो. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

आता ती लातूरच्या क्लासला आहे. मी इथेच आहे, माझ्याही पदरी ड्रॉप पडला. खोलीत हवं ते बोलता येतं. परवा एक नवी मुलगी आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "माझं ना, थोडक्यात हुकलं." सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मी कोपऱ्याकडे पाहिलं, तर रांजण कोरडा होता.

मी बादली घेऊन खाली गेले.