टाकीच्या झाकणावरची अक्षत

आमच्या विहिरीवर इंजिन आलं, मोटेचे बैल सुटले आणि आमचे मालक एका दिवसात इंजिनियर झाले. महाराष्ट्र नवा होता, तसे तेही नवे होते. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं, एवढंच ते शास्त्र. पण ते बाईमाणसाच्या डोक्यात शिरणार नाही, हे त्यांनी परस्पर ठरवलं होतं. मला इंजिनाला हात लावायची परवानगी वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पूजेपुरती.

त्या वर्षी दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी इंजिन बिघडलं. सुरू व्हायचं, दहा-पंधरा मिनिटं चालायचं, मग गचके देत बंद पडायचं. ऊन मी म्हणत होतं. पाट भिजेपर्यंतच पाणी संपायचं आणि माझी वांगी कोरडीच राहायची. माझी म्हणते, कारण रोप टाकण्यापासून निंदण्यापर्यंत सगळं मीच केलं होतं, आणि ती नुकती फुलावर आली होती.

मालकांनी प्लग काढून घासला. कार्बोरेटर तोंडाने फुंकला, त्यात मिशी काळी झाली. दर वेळी टाकीचं झाकण उघडून, आत काडी बुडवून रॉकेल आहे का तेही बघायचे. मग दोरी ओढली की इंजिन सुरू! त्यामुळे शेवटी जे घासलं असेल तेच बिघडलं होतं, असं रोज नव्याने सिद्ध व्हायचं.

तिसऱ्या दिवशी डोणगावहून मिस्त्री आला. त्याने इंजिनाला कान लावला, दोनदा चहा घेतला आणि निदान केलं, "रॉकेलात पानी हाये." रॉकेल बदललं. इंजिन धडधडलं. मिस्त्री एसटीत बसला नसेल तोच बंद.

चौथ्या दिवशी मालक बांधावर बसले. "माह्याच्यानं नाही होत आता. वांगे गेले समज."

त्यांच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि रागही आला. मी जाऊन टाकीचं झाकण फिरवलं, तर आत फुस्स करून हवा ओढली गेली. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं, हे कोणत्याही बाईला माहीत असतं. झाकणालाही हवेचं भोक असणारच. ते बुजलं होतं; झाकण उघडल्यावर आत जाईल तेवढ्या हवेवरच इंजिन चालत होतं.

"या इकडं, इंजिनियर साहेब!" मी ओरडले. डोक्यातली पिन काढून भोकात घातली. शेंदराची खपली निघाली आणि तिच्यासोबत तांदळाचा एक दाणा. तेलात कालवलेला शेंदूर मीच लावला होता, वर अक्षत मीच दाबली होती.

दाणा फेकून देता आला असता. मालक येऊन उभे राहिले तेव्हा मी तो तळहातावर धरला.

"हे मीच केलं, दसऱ्याले."

त्यांनी झाकण हातात घेऊन उलटसुलट केलं. "आन् मी रोज तेच झाकण उघडून राह्यलो. मले काऊन नाही दिसलं?"

इंजिन संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. बहुतेक झाडं सकाळी उभी राहिली, शेवटचे दोन वाफे मात्र वाळून गेले होते. मी एका टोकाने उपटायला लागले, मालक दुसऱ्या टोकाने. मध्ये भेटेपर्यंत मला एकही टोमणा सुचला नाही.