डोकं वळणारा फ्लॅश

फोटो काढायच्या आधी ते आपला डावा पंजा समोरच्या माणसाच्या गालाजवळ धरायचे. टेकवायचे नाहीत. वीतभर अंतरावर धरून पंजावर उजेड कसा पडतो ते बघायचे, मग मागे सरून म्हणायचे, "बस, एकच. हलू नोका जी."

हे ते नवरीला म्हणायचे, दाखल्याच्या फोटोसाठी आलेल्या पोरांना म्हणायचे. आणि आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीत, सिमेंटच्या ओट्यावर ठेवलेल्या प्रेतालाही म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला ट्रे खणखणला. त्यांनी वळून पाहिलं आणि ओशाळून हसले. "सवय आहे सिस्टरबाई. तोंडातून निघून जाते."

वैनगंगेच्या काठचं ते तालुक्याचं गाव. मी तिथे परिचारिका होते आणि बसस्टँडजवळ त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. अख्खं गाव त्यांना 'भाई' म्हणायचं. तुमच्याही गावात असा एक फोटोवाला असेल: लग्न असो, बारसं असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, तोच. फक्त आमच्याकडे जंगल जवळ होतं, त्यामुळे अनोळखी प्रेतं जरा जास्त यायची. कोणी नदीत सापडलेला, कोणी रानात. पंचनाम्याला फोटो लागायचा आणि ठाण्यातून भाईंना बोलावणं यायचं. लग्नाच्या मांडवातून उठून, अंगावर अत्तराचा वास घेऊनच ते आमच्या मागच्या खोलीत यायचे.

डिजिटल कॅमेरे नुकतेच आमच्या भागात पोचले होते. भाईंनी नागपूरहून एक वापरलेला आणला आणि लेकरू दाखवावं तसा आणून आम्हाला दाखवला. त्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर टिचभर फ्लॅश होता. तो सरळ तोंडावर भडकायचा. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी पिठात लोळल्यासारखी दिसायची, मागे काळाकुट्ट अंधार. लोकांना त्यात काही वाटायचं नाही. गोरं दिसलं की खूश.

पण एकदा आतल्या एका गावाहून एक गोंड म्हातारा आला. त्याचा मुलगा दिवाळीपासून घरी आला नव्हता. आमच्याकडे मधल्या काळात एक अनोळखी प्रेत येऊन दफनही होऊन गेलं होतं. ठाण्यात त्याला भाईंनी काढलेला फोटो दाखवला. म्हाताऱ्याने तो बराच वेळ धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग बरोबरच्या माणसाला गोंडीत काहीतरी म्हणाला. त्या माणसाने आम्हाला सांगितलं, "म्हणते, माझा पोरगा काळा आहे. हा तर पांढरा आहे."

म्हातारा समाधानाने परत गेला. उन्हाळ्यात त्याची सून आली. ठाण्यात जपून ठेवलेला त्या प्रेताचा शर्ट तिने ओळखला आणि ठाण्याच्या पायरीवरच बसली.

भाईंना हे कळलं त्या दिवशी ते रुग्णालयात आले आणि बाकावर नुसते बसून राहिले. मी चहा दिला, तो तसाच निवला. "त्याचाच पोरगा होता सिस्टरबाई," ते म्हणाले. "बाप पाहून गेला आन त्याले दिसला नाई. माह्या फ्लॅशनं त्याचं तोंडच पुसून टाकलं."

तेव्हापासून त्यांनी वेगळा फ्लॅश घ्यायचं मनावर घेतलं. घरी रीळवाल्या कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश होता, पण तो डिजिटलवर लावला तर उलटा करंट जाऊन कॅमेराच जळतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ब्रह्मपुरीकडच्या एका फोटोवाल्याचा तसा जळलाही होता. म्हणजे नवा घेणं आलं, आणि नवा परवडणारा हवा.

मला प्रशिक्षणासाठी नागपूरला जायचं होतं. भाई त्याच बसमध्ये चढले. "सिस्टरबाई, दुकानात जरा माह्यासोबत या. कोनाचं तरी तोंड पाहिजे ना समोर," म्हणाले.

सीताबर्डीच्या दुकानात काउंटरवर तीन फ्लॅश मांडले गेले. पहिला कॅमेऱ्याच्याच कंपनीचा. सगळं आपोआप करणारा. त्याची किंमत ऐकून भाईंनी तो अदबीने परत सरकवला. दुसरा अगदी स्वस्त आणि नाजूक, पण डोकं सरळ बसवलेलं. "हा तोंडावरच मारीन," म्हणून तोही बाजूला. तिसरा कुठल्याशा नाव न ऐकलेल्या कंपनीचा. ठोकळ्यासारखा, साध्या पेन्सिल सेलवर चालणारा. एकदा चमकला की पुन्हा दमात यायला वेळ घ्यायचा. उजेड किती टाकायचा तेही दर वेळी हाताने ठरवायचं. पण त्याचं डोकं वर वळायचं, बाजूलाही वळायचं.

"यात आपोआप काही होणार नाही, आधीच सांगतो," दुकानदार म्हणाला.

"नाई होत तर हातानं करू," भाई म्हणाले. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पंजा गालाजवळ धरून पाहिला, फ्लॅशचं डोकं छताकडे वळवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सिस्टरबाई, जरा डोये मिटून बसा."

दुकानदार हसला. "भाईसाब, लोक डोळे उघडायला सांगतात!"

भाई हसले नाहीत. मी डोळे मिटले. पापण्यांवरून एक मऊ उजेड गेला. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवरचा फोटो दाखवला. माझा सावळा रंग, कपाळावरचा लहानपणचा व्रण, ओठाजवळचा तीळ, सगळं जागच्या जागी होतं. फक्त मी जिवंत वाटत नव्हते.

"आता माय ओळखीन," भाई म्हणाले आणि तोच फ्लॅश घेतला.

खरंच ओळखू लागले लोक. मागच्या खोलीच्या भिंतींना चुना होता. भाई फ्लॅशचं डोकं भिंतीकडे वळवायचे, उजेड भिंतीवर आपटून तोंडावर उतरायचा. फोटो पाहून बायका नाव घेऊन हंबरडा फोडायच्या. भाई बाहेर चिंचेखाली उभे राहून ऐकायचे. "रडल्या ना जी," म्हणायचे. "रडू तर द्या त्यायले."

मग पावसाळा संपता संपता नदीतून एक तरुण काढला. बुडून मेला, असं आणणाऱ्यांनी सांगितलं. भाईंनी तोंडाचे फोटो काढले, मग हातांचे. स्क्रीनवर फोटो मोठा करून त्यांनी माझ्यासमोर धरला. दोन्ही मनगटांवर दोराचे वळ होते, पिळासकट.

"तुमाले दिसते ना?" त्यांनी विचारलं.

"दिसतं."

"मले वाटलं, मलेच दिसून राह्यलं."

ठाण्यात त्यांनी सगळे फोटो दिले. तिथे तोंडाचे ठेवून घेतले, हातांचे परत केले. लागत नाहीत म्हणाले. काही दिवसांनी त्या तरुणाचा भाऊ स्टुडिओत आला आणि हात जोडून म्हणाला, जे असतील ते सगळे द्या. भाईंनी दिले. तो ते घेऊन गडचिरोलीला वकिलाकडे गेला.

त्यानंतर गावाची हवा बदलली. उघड कोणी काही बोललं नाही. चहाच्या टपरीवर भाई बसले की शेजारचे उठायचे. ठरलेल्या दोन लग्नांच्या ऑर्डरी वडशाच्या फोटोवाल्याकडे गेल्या. एक दिवस साध्या कपड्यातला एक माणूस स्टुडिओत आला. भिंतीवरचे फोटो त्याने एकेक करून पाहिले आणि कौतुकाने म्हणाला, "लई साफ फोटो काढता तुम्ही." दारात थांबून पुन्हा म्हणाला, "इतके साफ काऊन काढता?" आणि गेला.

तो कोणाकडचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या भागात वर्दी नसलेला माणूस कोणाकडचाही असू शकायचा, आणि विचारायची सोय नव्हती.

थंडीत एका दुपारी भाई रुग्णालयात आले. खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी होती. फाटकाबाहेर मोटरसायकलवर एक अनोळखी माणूस बसला होता. गाडी बंदही केली नव्हती त्याने.

"नदीपल्याड लगन आहे म्हणतेत. घ्याले आला," भाई म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सिस्टरबाई, पौषात तुमच्यात लगन असते का जी?"

"नसतं. भाई, तुम्ही जाऊ नका. आत या, डॉक्टरांच्या खोलीत बसा."

"आज बसीन. उद्या?" ते म्हणाले. "नाई गेलो तर ते घरी येतीन. घरी पोरी आहेत माह्या."

त्यांनी बीपीची गोळी मागितली, नळावर ओंजळीने पाणी पिऊन गिळली. पिशवी पोटाशी धरून ते त्या माणसाच्या मागे बसले. मी धावत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी लगेच ठाण्यात फोन लावला. तिकडून विचारलं, "तक्रार कोणाची आहे?" डॉक्टरांनी स्वतःचं नाव सांगितलं. पोलिसांची गाडी निघेपर्यंत संध्याकाळ झाली. पलीकडच्या कुठल्याच गावात लग्न नव्हतं.

पिशवी तेवढी सापडली, पलीकडच्या घाटावर मोहाच्या फांदीला नीट अडकवलेली. कॅमेरा शाबूत होता, पण मेमरी कार्डाची खाच रिकामी. फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसवलेला होता आणि त्याचं डोकं वर वळवलेलं होतं. छत असलं की ते तसं वळवायचे. म्हणजे कुठल्यातरी छताखाली त्यांना कोणाचा तरी फोटो काढायला लावला होता. कोणाचा, ते कार्डाबरोबर गेलं.

भाई परत आले नाहीत. जिवंत नाहीत आणि दुसऱ्या तऱ्हेनेही नाहीत. मागच्या खोलीत नवं प्रेत आलं की मी आधी पाय बघायचे. त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा वाकडा होता.

त्या तरुणाच्या भावाची केस मात्र उभी राहिली. हातांचे फोटो होते म्हणूनच उभी राहिली, असं तो सांगायचा. ते सांगतानाही आवाज खाली आणायचा. पुढे चौकशी लागली. निकाल काय लागला ते माझ्या कानावर आलं नाही.

भाईंच्या बायकोला जमातीतल्या बुजुर्गांनी इद्दतला, नवरा गेल्यावर विधवेने घरात पाळायच्या मुदतीला, बसायला सांगितलं. ती म्हणाली, "मय्यत दिखाओ, बैठ जाती हूँ." बसली नाही. थोरल्या मुलीला घेऊन तिने स्टुडिओ उघडला आणि दाखल्याचे फोटो काढू लागली.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. ती कुलूप लावत होती. "चला सिस्टरबाई, स्टँडपर्यंत जाऊ," म्हणाली. मला वाटलं मला सोडायला येते आहे. स्टँडवर नदीपलीकडची बस नुकतीच लागली होती. ती दाराजवळ जाऊन उभी राहिली. एकेक माणूस उतरला. तांदळाची पोती घेतलेले, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, काठी टेकत एक आजोबा. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटचा माणूस उतरल्यावर कंडक्टर हलकेच म्हणाला, "झाले बाई सगळे."

तिने तरी पायरीवर चढून आत एकदा पाहिलं. मग खाली उतरली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "अजून एक गाडी आहे साडेपाचची. तुमाले उशीर होत असेल तर निघा तुमी."