स्वखुशीनं दिलेला राजीनामा

चिकलठाण्यातल्या कारखान्यानं आमचा पॅकिंग विभाग बंद केला, तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून शेवटच्या हिशेबाच्या कराराचे कागद पुढं केले. "ताई, सगळ्यांनी सह्या केल्यात. तुम्हीही करून टाका."

"वाचल्याशिवाय नाय करणार. घरी नेते."

"कागद बाहेर नेता येत नाहीत."

"मग इथंच वाचते," म्हणत मी खुर्ची ओढून बसले. करार इंग्रजीत होता. अडलेल्या शब्दाचा अर्थ मी साहेबांनाच विचारत गेले. मी स्वखुशीनं राजीनामा देत आहे, असं त्यात लिहिलेलं निघालं; म्हणजे कामावरून कमी केल्याची भरपाई बुडणार होती.

मी कागद टेबलावर परत ठेवले. "साहेब, विभाग तुम्ही बंद केला. मी कुठं राजीनामा दिला? खरं तेच लिहा, नाहीतर कामगार कार्यालयात विचारून येते."

सही न करताच मी पुंडलिकनगरला घरी आले. नवरा म्हणाला, "लई ताणू नकोस." मी ऐकलं नाही. आठवड्यानं साहेबांनी परत बोलावून नवा करार पुढं केला. विभाग बंद झाल्यामुळं कामावरून कमी केल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी सही केली.

संध्याकाळी विभागातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. "माझा कागद आता बदलून मिळंल का गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले, "पण उद्या दोघी जाऊन विचारू."