विक्याला सांगितलेला शेवट

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते टिंगल करायला, हे आधीच कबूल करते. साताऱ्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी सतरा वर्षं विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गाचा एक तास दरवर्षी भूत, भानामती, अंगात येणं असल्या विषयांसाठी राखून ठेवते आणि पोरांच्या डोक्यातली जळमटं काढते. स्टाफरूममध्ये कुणी असलं काही सांगायला लागलं की माझे प्रश्न ठरलेले... तुम्ही स्वतः पाहिलंत का? उजेड किती होता? त्या दिवशी झोप झाली होती का? बायका वैतागतात माझ्यावर. तर अशी मी, आज इथे लिहायला बसलेय, कारण नवऱ्याला सांगायला गेलं की तो म्हणतो, "सोड ना आता ते."

एक सूचना. एका परदेशी मालिकेचा शेवट सांगितल्याशिवाय मला हे सांगताच येणार नाही. मालिकेचं नाव देत नाही, पण अंतराळातल्या मालिका बघणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग राहिला असेल तर पुढे वाचू नका. आणि खरं सांगू का, बघूही नका.

माझा धाकटा भाऊ विकास. आम्ही विक्याच म्हणायचो. आटपाडीत स्टँडच्या मागे त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन माणूस यायचा, काय झालं, कसं झालं, सगळं रामायण सांगायचा. विक्या मान डोलवत ऐकून घ्यायचा आणि त्यातला एक शब्द खरा न धरता मोटार खोलायचा. मला म्हणायचा, "माणूस काय बी सांगतंय आक्का, वायर खोटं बोलत न्हाई." आयटीआयपर्यंत शिकलेला, पण ग्रह-तारे, यानं, रॉकेटं यांचं त्याला लय वेड. ते मीच लावलेलं. लहानपणी गच्चीवर झोपताना मी त्याला आकाशातलं एकेक दाखवायचे.

त्या मालिकेत एक यान आहे, आठ माणसं आहेत, फार लांब जाऊन अडकलेली, घरी परतायला धडपडणारी. यानावरचा मेकॅनिक साठीचा. बाकीचे त्याला म्हाताराच म्हणतात. तो वायर दातात धरून सोलतो, हे बघून विक्या खूष झाला होता. आपल्यावानीच हाय की हा, म्हणाला. तेव्हापासून यान घरी पोचतंय का, याच्याशी त्याला फारसं घेणं नव्हतं. म्हातारा घरी पोचला पाहिजे, एवढंच.

शुक्रवारी संध्याकाळी आठला नवा भाग यायचा. मी साताऱ्यात, तो आटपाडीत. नवऱ्याचा फोन स्पीकरवर ठेवायचा, एक-दोन-तीन म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या मोबाईलवर एकदम सुरू करायचं. एकाला जमलं नाही तर दुसऱ्यानंही बघायचा नाही. तीन सीझन, चार वर्षं, हा नियम कुणी मोडला नाही. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला घर पाहुण्यांनी भरलेलं, तरी मी माळ्यावर जाऊन भाग बघितलाय... खाली सगळे मला शोधत होते.

शेवटून दुसऱ्या भागात म्हातारा यानाबाहेर अँटेना दुरुस्त करायला जातो आणि त्याचा दोर तुटतो. हवा दोन दिवसांची आहे, रेडिओ चालू आहे, आणि तो लांब लांब जातोय. तिथे भाग संपला. फोनवर विक्या खोकत होता. ताप दोन दिवसांपासून होता म्हणे, खोकला दुकानातल्या धुरानं असेल म्हणाला. मी रागावले, डॉक्टरकडे जा म्हणाले. हो म्हणाला आणि गेला नाही. सोमवारी त्याला आटपाडीत ॲडमिट केलं, बुधवारी मिरजेला हलवलं. न्युमोनिया, दोन्ही फुप्फुसं भरलेली. छत्तीस वर्षांचा माणूस हो. तंबाखूसुद्धा खात नव्हता.

मिरजेला आयसीयूत सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, एकच माणूस, दहा मिनिटं. मोबाईल बाहेर ठेवायचा. त्याची बायको सुनीता आणि मी, आलटून पालटून जायचो. समोरच्या लॉजवर एक खोली घेतली होती. शेवटचा भाग शुक्रवारी आला तो आम्ही तिथे असताना. मी बघितला नाही. डोक्यातही नव्हता.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी दोघींना बोलावून घेतलं. फार चांगले होते, हळू बोलत होते. मनाची तयारी ठेवा, म्हणाले. सुनीता जिन्याच्या पायरीवर बसली ती उठेनाच. तिच्यासाठी शाल आणायला मी लॉजवर गेले, पलंगावर बसले आणि... मोबाईल काढून तो भाग सुरू केला. का, ते मला आजही सांगता येत नाही. निदान हे तरी नीट संपेल, असं काहीतरी वाटलं असावं.

नीट संपलं नाही. यान मागे वळवलं तर म्हातारा वाचतो, पण मग घरी पोचायला इंधन पुरत नाही. कॅप्टनबाई ठरवते. ती रेडिओ बंद करते आणि बाकीच्यांना सांगते, तो बोलायचा थांबलाय, गेला तो. शेवटची पाच मिनिटं फक्त म्हातारा. हातातल्या तुटक्या दोराला गाठ मारत बसलाय आणि रेडिओवर बोलतोय. घरी गेल्यावर काय खाणार ते सांगतोय. मग विचारतो, घर दिसायला लागलं का? थांबतो. परत विचारतो. संपलं.

मी मोबाईल उशीवर आपटला. लिहिणाऱ्यांना अशा शिव्या दिल्या की शेजारच्या खोलीतल्या बाईंनी दार वाजवलं. चार वर्षं आशेला लावून असं करतात? त्या बाईंना वाटलं आमच्या पेशंटचं काही झालं. त्या मला धरून बसल्या, पाणी दिलं, आणि मी एका मालिकेतल्या माणसासाठी हमसून हमसून रडत होते. आता कळतं कुणासाठी ते.

पाचला माझी पाळी होती. विक्या जागा होता. मास्कमधून आवाज यायचा, पण कान जवळ न्यावा लागायचा. त्यानं विचारलं, आला का? मला कळलं कशाबद्दल ते. आला, म्हणाले. तू बघितलास? त्या बाबतीत तरी खोटं बोलवेना. हो म्हणाले. वाटलं, चिडेल. चिडला नाही.

"सांग."

"कॅप्टनबाईनं यान वळवलं," मी म्हणाले. "म्हातारा आला परत. घरी पोचले सगळे."

"इंधन?"

माझ्यातली शिक्षिका पुढे आली. वाटेतल्या ग्रहाच्या ओढीचा उपयोग करून घेतला, बरा झालास की चित्र काढून समजावते, म्हणाले.

"आन् दोर?"

"दुसरा फेकला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं झालं आक्का." आणि त्यानं डोळे मिटले. मी बाहेर आले तेव्हा मला जरा बरं वाटत होतं. आपल्या हातून एक तरी चांगली गोष्ट झाली, असं मी सुनीतालाही म्हणाले.

त्या रात्री त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. मग तो शुद्धीवर आलाच नाही. सोमवारी सकाळी दहाला गेला.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्या दिवसाबद्दल. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडतात, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं पानावर वाढून कावळा शिवायची वाट बघतात. कावळा शिवला नाही तर त्याची काहीतरी इच्छा राहिलीय असं धरतात. मग जवळचे लोक एकेक करून पुढे येतात आणि शब्द देतात. वर्गात मी हे पोरांना कितीदा समजावलंय. चाळीस माणसं घोळका करून उभी राहिली तर पाखरू येईल कशाला?

आटपाडीच्या ओढ्याकाठची स्मशानभूमी, बुधवार, सकाळचे साडेनऊ. पानावर भात, बाजरीची भाकरी, कांदाभजी, सांगलीचं भडंग, कपात चहा. समोरच्या लिंबावर सात-आठ कावळे. सगळे मागे सरकले. कावळे बसून राहिले.

मामांनी सुरुवात केली. तुझ्या पोरांच्या शिक्षणाची काळजी करू नको, आमी हाय. काही नाही. सुनीतानं, सासूला सोडून कुठं जाणार न्हाई, असं सांगितलं. काही नाही. दुकानातला त्याचा भागीदार पुढे झाला, खोललेल्या सगळ्या मोटारींत नवी वायर भरून ज्याच्या त्याला पोचवतो म्हणाला, आणि रडायला लागला. एक कावळा खाली उतरला, पानाभोवती फिरला आणि परत झाडावर गेला. साडेदहा झाले. ऊन चढलं. लोक एकमेकांना विचारायला लागले, काय राहिलं असंल त्याचं?

आईनं माझ्याकडे बघितलं. "वर्षे, तुला काय बोलला व्हता का गं त्यो?"

नाही, म्हणाले.

अकराच्या सुमाराला मामा म्हणाले, आता गाईला घालू. तशी आई जमिनीवर बसली. माझं पोर उपाशी गेलं, एवढंच म्हणाली. ओरडली नाही, काही नाही. मला ते ऐकवेना. विश्वास वगैरे काही नाही हो... आईसाठी काहीतरी करायचं म्हणून मी पुढे गेले. पानापासून हातभर अंतरावर उभी राहिले.

"विक्या, मी खोटं बोलले," म्हणाले. "म्हातारा परत आला नाही. त्यांनी यान वळवलंच नाही."

मागे कुजबुज सुरू झाली. पोरीला ऊन लागलं, असं कुणीतरी म्हणालं. नवऱ्यानं माझा दंड धरला. कावळे झाडावरच होते. मी हात सोडवून घेतला आणि राहिलेलं सांगितलं. की रेडिओ बंद केला. की तो जिवंत होता आणि बोलत होता, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

शेवटचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा आला. मी मागे सरकले नव्हते, पान माझ्यापासून हातभरच होतं. तो सरळ माझ्या पायाशी उतरला, भाताला चोच लावली, एक भजं उचललं आणि गेला. मागे सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आई हात जोडून रडत होती. माणसं पटापट उठून चपला शोधायला लागली.

उजेड भरपूर होता. मी स्वतः पाहिलं. झोप झाली नव्हती, हे खरं, पण पाहणारी चाळीस माणसं होती. स्पष्टीकरणं मीच देते, तुम्ही त्रास घेऊ नका. दीड तासात पाखरं माणसांना सरावली असतील. भूक लागली असेल. चाळीस माणसांपेक्षा एका जागी उभ्या असलेल्या एका बाईची भीती कमी वाटली असेल. यातलं काहीही असू शकतं. मग पहिल्या वाक्याला का आला नाही, राहिलेलं सांगितल्यावरच का आला, हे मला कुणी सांगावं.

नातेवाईक म्हणतात, सुटला, शांत झाला. त्यांना बरं वाटतं. मला मात्र तो योगायोगच हवाय. हात जोडून सांगते, योगायोगच ठरवा तो. कारण योगायोग असेल तर माझा भाऊ म्हातारा घरी पोचला असं समजून गेला. आणि नसेल तर खरं ऐकायचंच त्याचं राहिलं होतं, म्हणजे मी खोटं बोलतेय हे त्याला त्याच वेळी कळलं होतं. दोराबद्दल विचारलं तेव्हाच. मग ते "बरं झालं" त्यानं माझ्यासाठी म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून, आणि मी ते घेऊन बाहेर निघून आले.

त्यानं डोळे मिटले असं मी वर लिहिलंय. ते पुरतं खरं नाही. त्याआधी त्यानं मास्क बाजूला करायला हात उचलला होता, अजून काहीतरी विचारायचं होतं त्याला. भिंतीवर घड्याळ होतं, माझी तीन मिनिटं शिल्लक होती. मी पाहिलंच नाही असं दाखवलं आणि उठले.