सोलापुरात पियानो? कशाला?

राग आला की त्या वेळी मला बोलताच येत नाही. उत्तर सुचतं ते घरी येऊन कुकर लावताना. मग तो प्रसंग मी नवऱ्याला सांगते, बहिणीला फोनवर सांगते, डबा खाताना मैत्रिणींना सांगते, आणि चौथ्यांदा सांगेपर्यंत लोक हसायला लागलेले असतात. रागाचा किस्सा होतो तो असा. माझ्याकडे असे बरेच साठलेत, कारण गेली चार वर्षं मी पियानो शिकतेय. सोलापुरात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरू करून!

मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. दर गुरुवारी साडेपाचला रूथ मिसकडे माझा क्लास असतो. मिस सत्तरीच्या. शाळेत संगीत शिकवून रिटायर झाल्या, लग्न केलं नाही, एकट्याच राहतात. पुढच्या खोलीत त्यांच्या वडिलांनी घेतलेला काळा, उभा पियानो आहे. बघायला पुष्कळ लोक येतात. शिकायला आम्ही नऊजण. आठ शाळकरी मुलं आणि मी.

ऑफिसात बातमी फुटली तेव्हा पहिला प्रश्न आला, "डॉक्टरांनी सांगितलंय का?"

मी विचारलं, "काय सांगितलंय?"

"नाही, बोटांना व्यायाम म्हणून..."

दुसरा म्हणाला, "पण मॅडम, सोलापुरात पियानो? कशाला?" अहो, कशाला म्हणजे? तुम्ही एवढी धडधडणारी बुलेट घेतलीत, ती कशाला? घरापासून ऑफिस दोन किलोमीटर! (हे अर्थात कुकर लावताना सुचलं.)

साहेब तेवढे समजूतदारपणे बोलले. "छान केलंत. निवृत्तीनंतर काहीतरी लागतंच."

निवृत्तीला दहा वर्षं होती माझ्या!

*

आता रूथ मिसवरचाच राग सांगते.

पहिल्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले. मिसनी साडीकडे बघितलंच नाही, नखं बघितली. "कापून या." कापून गेले. मग त्यांनी मला पियानोसमोर नाही, जेवणाच्या टेबलापाशी बसवलं. "मनगट सैल. एक, दोन, तीन, चार, पाच." टेबलावर! एक गुरुवार नाही, चार गुरुवार! शेजारच्या खोलीत तिसरीतली पोरगी खऱ्या पियानोवर टणाटण वाजवतेय आणि मी, दोन मुलांची आई, टेबलाचा सनमायका वाजवतेय.

पाचव्या गुरुवारी मी धीर करून विचारलं, "मिस, पियानोवर कधी बसायचं?"

"पियानो कुठं पळून जात नाही, मंगलबाई. शिकायला आलेली माणसं पळून जातात. मी आधी ते बघते."

*

एक आई आपल्या मुलीला घेऊन आल्या. चप्पलसुद्धा काढली नाही. "गॅदरिंगला पंधरा दिवस आहेत. एक गाणं बसवून द्या."

मिसनी विचारलं, "आधी काही शिकलीय का?"

"नाही हो, पण हुशार आहे. नव्वद टक्क्यांच्या खाली येत नाही."

"पंधरा दिवसांत नाही होणार."

"पूर्ण नको! कुठलंही चालेल. फक्त दोन्ही हातांनी वाजवतेय असं दिसलं पाहिजे."

मिस उठल्या, मुलीला बाकावर बसवलं, तिचे दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि आईला म्हणाल्या, "काढा फोटो."

मला वाटलं, मुलीची आई आता चिडणार. कसलं काय! त्यांनी तीन काढले. वर मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

*

मिसच्या घराला लागूनच नरसय्या मामांचं यंत्रमागाचं शेड आहे. टॉवेलचे आठ माग सकाळपासून खडखड खडखड चालू असतात. भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. आम्ही कधी चकार शब्द काढला नाही. मिस तर म्हणतात, "लय शिकायची तर त्या मागाकडून शिका, घाई करत नाही आणि रेंगाळत नाही."

आणि एक दिवस नरसय्या मामाच तक्रार घेऊन दारात! माझं डोकंच फिरलं. आठ माग लावून बसलेला माणूस एका पियानोची तक्रार करतो? मी पहिल्यांदाच जागच्या जागी बोलले. "मामा, तुमच्या खडखडाटाचा आम्हाला त्रास होत नाही का?"

"आवाजाचं कोन बोलतंय ओ मॅडम?" मामा म्हणाले. "वाजवा की. पर तुमी दर गुरुवारी एकाच जागी चुकतायसा. ती जागा जवळ आली की आमचे कामगार हात थांबवून वाट बगत बसतेत. आज तरी बरोबर येतंय का म्हनून!"

मिस पदर तोंडाला लावून आत गेल्या.

*

पहिल्या ग्रेडची परीक्षा पुण्याला होती. मी पहाटेच्या गाडीने गेले. दारातली स्वयंसेविका म्हणाली, "पालकांनी खाली थांबायचं." मी हॉल तिकीट दाखवलं. ते बघून ती म्हणाली, "हो, पण मुलगी कुठंय?"

"मीच ती मुलगी!"

वर गेले तर दुसऱ्या स्वयंसेविकेने मला तोच जिना परत उतरायला लावला. दुसऱ्यांदा चढले तेव्हा गुडघे बोलायला लागले होते. बाकावर शेजारी फ्रॉकमधली आठ वर्षांची मुलगी पाय हलवत बसलेली.

"काकू, तुमची कितवी ग्रेड?"

"पहिली."

"माझी चौथी," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिला दया आली असावी. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "घाबरू नका हं. लहान मुलांशी ते छान वागतात."

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

माझा क्लास चालू होता. दारात एक गृहस्थ आले. हातात मोजायची टेप. नमस्कार नाही, काही नाही, सरळ पियानोची लांबी मोजायला लागले. मी वाजवत असताना! मी हात उचलले.

"चालू द्या, चालू द्या," ते म्हणाले. "आमचं हॉटेल होतंय हायवेला. रिसेप्शनला ठेवायचाय. वर फ्लॉवरपॉट."

मिस म्हणाल्या, "विकायचा नाही."

"अहो, तुमच्या पुतण्याशी बोलणं झालंय की! कुर्डुवाडीचे. ते म्हणाले, आत्या पुढच्या महिन्यात कायमच्या आमच्याकडे राहायला येणार, घर रिकामं करायचंय."

मिसना हे माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं की त्यांनाही हे आत्ताच, या माणसाच्या तोंडून कळतंय.

ते गृहस्थ पियानोच्या मागे वाकून बघत होते. "लई जड दिसतंय. आतलं सगळं काढून टाकलं तरी चालेल. वाजवायचं कुणाला हाय? नुसतं दिसायला पाहिजे."

मिस उठल्या. त्या गृहस्थांच्या हातातली टेप अगदी शांतपणे काढून घेतली. "सरळ उभे राहा." का कोण जाणे, ते राहिले! मिसनी त्यांची उंची मोजली. खांदे मोजले. पोटाभोवती टेप फिरवली. "लिहून घ्या, मंगलबाई. उंची साडेपाच फूट. घेर चव्वेचाळीस इंच." मग त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "आतलं काढायची गरज नाही. रिसेप्शनच्या कोपऱ्यात मावतील."

टेप गुंडाळून त्यांच्या हातात दिली. ते गेले. मिसनी दार लावलं, कडी घातली, आणि येऊन माझ्या शेजारी खुर्चीवर बसल्या.

"हं. नवव्या ओळीपासून. डावा हात एकटा."

मी हात ठेवले आणि परत उचलले. "मिस, हात थरथरतायत माझे."

"माझेपण," मिस म्हणाल्या. "वाजवा."